हिवाळ्यात लेक फोर्कवर खोल पाण्यातली क्रॅपी छोट्या जिगवर कशी पकडायची

डॅलस, फ्रिस्को, प्लेनो, अर्विंग इकडे राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी गळ टाकायची हौस असणारे बरेच जण निघालेत आजकाल, पण बहुतेकांची गाडी अपार्टमेंटमागच्या तळ्यातल्या कॅटफिशवर नाहीतर बासवर अडकलेली असते. आणि नोव्हेंबर आला, गारठा पडला की रॉड गॅरेजमध्ये जातात ते थेट मार्चला बाहेर. खरं तर खायला चांगला मासा मिळायचा सीझन तेव्हाच सुरू होतो. तो मासा म्हणजे क्रॅपी, आणि टेक्सासात हिवाळ्यात ती कुठे पकडायची असं कुणालाही विचारा, लेक फोर्कचं नाव पहिल्या दोन-तीनात येणारच. फ्रिस्कोहून साधारण दीड तास.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल. जिग म्हणजे वजनदार डोकं असलेला छोटा हुक आणि त्यावरचं खोटं आमिष. खोल पाण्यातल्या क्रॅपीला जिगचा रंग, ब्रँड, वास या सगळ्यापेक्षा जिग किती फुटांवर लटकतोय याचा फरक जास्त पडतो. मासा २२ फुटांवर असेल आणि तुमचा जिग २५ वर, तर दिवसभर बसा, काही होणार नाही. तोच जिग २१ वर आणून गप्प धरा, मग बघा. बाकी सगळा लेख म्हणजे हे कसं जमवायचं एवढंच आहे.

मासा कसा आहे ते आधी बघू

क्रॅपी दोन जातींची, व्हाइट आणि ब्लॅक. पाठीवरच्या परातले काटे मोजले की कळतं, व्हाइटला सहा किंवा कमी, ब्लॅकला सात-आठ. फोर्कमध्ये दोन्ही मिळतात आणि पकडायच्या दृष्टीनं फार फरक नाही. १२ इंचाची क्रॅपी अंदाजे एक पाउंड भरते आणि ती चांगलीच म्हणायची. व्हाइट क्रॅपीचा जागतिक विक्रम ५ पाउंड ३ औंसांचा आहे, मिसिसिपीतल्या एनिड धरणावरचा, १९५७ सालचा, तो अजून कुणी मोडलेला नाही. ब्लॅकचा मात्र २०१८ मध्ये टेनेसीत झाला, ५ पाउंड ७ औंस. म्हणजे हा मासा काही राक्षस नाही, नाजूक सामानाचाच खेळ आहे.

शरीराच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. डोळे वरच्या बाजूला आणि तोंड वर उघडणारं, त्यामुळे ती वरचं खायला वर येते, खालचं खायला सहसा खाली जात नाही. आणि तोंडाची कड इतकी पातळ की उजेडात धरली तर आरपार दिसते, इथले लोक तिला पेपरमाउथ म्हणतात ते त्यामुळेच. पहिल्या गोष्टीवरून जिग कुठे धरायचा ते ठरतं, दुसरीवरून मासा लागल्यावर हात किती हलका ठेवायचा ते.

लायसन्स आणि एक विचित्र वाटणारा नियम

१७ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला टेक्सासात लायसन्स लागतं, रहिवाशाला गोड्या पाण्याचं वर्षाचं पॅकेज ३० डॉलरचं. स्टेट पार्कच्या आत, काठावरून मासेमारी करणार असाल तर लायसन्सची गरज नाही, म्हणजे लेक टावाकोनी किंवा रे रॉबर्ट्सच्या स्टेट पार्कात आधी हात साफ करून बघता येतो, पार्कची एंट्री फी तेवढी द्यायची. मापाचे आणि संख्येचे नियम मात्र तिथेही लागू.

राज्यभर क्रॅपी किमान १० इंचाची हवी आणि माणशी दिवसाला २५. पण लेक फोर्क आणि लेक ओ द पाइन्स या दोन ठिकाणी १ डिसेंबर ते फेब्रुवारी अखेर किमान मापच नाही, उलट पकडलेली प्रत्येक क्रॅपी ठेवायचीच, सोडून द्यायची नाही. पहिल्या २५ झाल्या की क्रॅपीसाठी गळ टाकणं बंद. ‘हा लहान आहे, सोडतो, मोठा मिळाला की ठेवतो’ हे तिथे त्या तीन महिन्यांत चालत नाही.

कारण साधं आहे. ३०-४० फुटांवरून मासा वर आला की पाण्याचा दाब एकदम कमी होतो, पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, कधी जठर तोंडातून डोकावतं. असा मासा परत सोडला तरी जगायची शक्यता कमी, तरंगत राहतो आणि मरतो. म्हणून सोडायचाच नाही. इतर लेकवरही खूप खोलातून छोटे-छोटेच मासे येत असतील तर जागा बदला, उगाच वर काढून मारण्यात काय अर्थ आहे? नियम मधूनमधून बदलतात, तेव्हा जायच्या आधी टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या साइटवर त्या लेकचं पान उघडून बघायचंच.

हिवाळ्यात खोल का जाते

उन्हाळ्यात अशा धरणाच्या पाण्याचे थर पडतात, वर गरम, खाली गार, आणि खालच्या गार थरात ऑक्सिजन फार कमी. मासा त्या थराच्या वरच राहतो, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये ६० फूट पाणी असलं तरी क्रॅपी १५-२० फुटांवरच्या बुडलेल्या झाडाझुडपांत असायची शक्यता जास्त. शरदात वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं, सगळं पाणी ढवळून एकसारखं होतं, आणि मग खालीही ऑक्सिजन पोचतो. आता तिला खोल जायला अडचण उरत नाही. खाणं म्हणजे शॅड नावाचे छोटे चंदेरी मासे, तेही थंडीत खोल जातात, त्यांच्या मागोमाग ही. डिसेंबर ते फेब्रुवारी फोर्कवर २५ ते ४० फुटांत थवेच्या थवे उभे असतात. वसंतात पाणी साठ फॅरनहाइटच्या वर गेलं, म्हणजे आपल्या १६ सेल्सियसच्या आसपास, की त्या अंडी घालायला काठाशी येतात आणि तेव्हा हा लेख गुंडाळून ठेवायचा.

फोर्कचं धरण १९८० सालचं, लेक सुमारे २७ हजार एकर, आणि पाणी भरताना खूपशी झाडं तशीच उभी ठेवलेली आहेत. बासवाल्यांसाठी हा लेक जगात प्रसिद्ध, पण तीच बुडालेली झाडं क्रॅपीलाही लागतात. शोधायच्या जागा तीन: जुन्या ओढ्यांच्या पात्रांच्या कडा, त्यातही जिथे पात्र वळतं ते वळण, त्या कडेवर उभी असलेली झाडं, आणि १५४ व ५१५ नंबरच्या रस्त्यांचे पूल, त्यांच्या खांबांजवळ. पुलापाशी वीकेंडला बोटींची गर्दी बघून घाबरू नका, लोक बहुतेक गप्पा मारायच्या मूडमध्ये असतात, फक्त दुसऱ्याच्या खांबाला जाऊन चिकटू नका.

सामान

रॉड दोन प्रकारचे चालतात. बोटीतून सरळ खाली सोडायचं असेल तर १० ते १२ फुटांचा लांब, हलका क्रॅपी रॉड, म्हणजे बोट झाडाच्या डोक्यावर न आणता लांबून जिग नेऊन सोडता येतो. नाहीतर ६-७ फुटांचा अल्ट्रालाइट किंवा लाइट रॉड, टोक संवेदनशील पाहिजे. बासचा जाडजूड रॉड आणाल तर मासा चावलेला कळणारच नाही आणि कळला तर तोंड फाडाल.

दोरी म्हणजे आपला तंगूस, ६ पाउंड ताण पेलणारा मोनो (साधी एकपदरी नायलॉन दोरी), जमलं तर ४. खोलवर मोनो ताणतो आणि चावा मंद कळतो, म्हणून मी बारीक ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी वापरतो, १० पाउंडाची, भडक पिवळी, आणि तिच्या टोकाला ३-४ फूट ६ पाउंडाचा फ्लोरोकार्बन, म्हणजे पाण्यात कमी दिसणारी दोरी. पिवळी कशासाठी, तर निम्मे चावे हाताला कळत नाहीत, दोरीकडे बघूनच कळतात. नवीन असाल तर सरळ ६ पाउंडाचा भडक मोनो घ्या, गाठी कमी, कटकट कमी.

जिगचं वजन: वारा नसेल आणि खोली २० फुटांच्या आत असेल तर १/१६ औंस, म्हणजे पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. २५ च्या खाली गेलात किंवा वारा असेल तर १/८, साडेतीन ग्रॅम. १/३२ चा जिग उथळात मस्त चालतो पण ३० फुटांवर जाईपर्यंत तुम्ही म्हातारे व्हाल. ‘छोटा जिग’ हवा पण वजनही हवं, यावर दोन उपाय आहेत. एक, टंगस्टनचा जिग, शिशापेक्षा जड त्यामुळे आकार लहान राहतो, महाग पडतो. दुसरा स्वस्तातला, १/३२ किंवा १/१६ चा जिग आणि त्याच्या फूट-दीड फूट वर एक छोटं शिसं दोरीवर चिमटून टाकायचं. शिसं खाली नेतं, जिग त्याच्याखाली हलका-हलका तरंगत राहतो. मासे सुस्त असले की हा दुसरा प्रकार जास्त चालतो असं माझं मत आहे.

हुक बारीक तारेचा घ्या. फोर्कमध्ये झाडात अडकणार हे धरूनच चला, बारीक तारेचा हुक जोरात ओढला की सरळ होऊन सुटतो, पक्कडीनं परत वाकवायचा आणि चालू. जाड हुक घेतलात तर प्रत्येक वेळी दोरी तुटणार.

जिगवरचं प्लास्टिक २ इंचाचं, छोट्या शॅडसारखं दिसणारं, बारीक शेपटीचं. बॉबी गार्लंड कंपनीचं बेबी शॅड इथे जवळजवळ प्रत्येकाच्या डब्यात सापडतं. गरगर फिरणाऱ्या वळणदार शेपटीचं गार पाण्यात मला तितकं आवडत नाही, हलवल्याशिवाय ते काहीच करत नाही आणि आपल्याला तर हलवायचं नाहीये. केसांचा किंवा मऊ पिसांचा जिग मात्र स्थिर धरला तरी पाण्यात श्वास घेतल्यासारखा हलतो, एक-दोन जवळ असू द्या. रंगाबद्दल दुकानात एक अख्खी भिंत असते, तिच्यासमोर उभं राहून डोकं पिकवू नका. पाणी स्वच्छ असेल तर पांढरट, चंदेरी, निळसर झाक. गढूळ असेल तर काळा आणि पोपटी, किंवा नारंगी. चार पाकिटं बास झाली. बर्कली कंपनीच्या छोट्या वासाच्या गोळ्या मिळतात, हुकाच्या टोकाला एक लावली तर मासा जिग तोंडात जरा जास्त वेळ धरतो, थंडीत लावाव्यात.

आता गाठ, इथे बरेच जण चुकतात. जिग पाण्यात आडवा लटकला पाहिजे, शॅड पोहतो तसा. गाठ जिगच्या कडीच्या (जिथे दोरी बांधतो तिच्या) पुढे सरकली की जिगचं नाक वर, शेपूट खाली, फाशी दिल्यासारखा दिसतो. फासाची सैल गाठ मारली तर प्रश्न येत नाही, साधी घट्ट गाठ मारली असेल तर दर माशानंतर नखानं ती कडीच्या मध्यावर, वर सरकवायची. दोन सेकंदांचं काम आहे.

मासा शोधणं

बोटीवर साधा खाली बघणारा सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्यातलं स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, असेल तरी पुरतं. त्याच्या लहरींचा शंकू २० अंशांचा धरला तर २० फुटांवर साधारण ७ फूट रुंदीचाच तुकडा दिसतो, म्हणून पात्राच्या कडेनं हळूहळू नागमोडी जायचं, घाई नको. शॅड दिसतात ढगासारखे, गिचमिड. क्रॅपी दिसतात एकावर एक रचलेल्या ठिपक्यांसारख्या, उभी रास, बऱ्याचदा झाडाच्या फांद्यांतून किंवा झाडाच्या बाजूला. रास दिसली की वरची क्रॅपी किती फुटांवर आहे तो आकडा बघायचा. खालची नाही, सगळ्यात वरची. हा आकडाच तुमच्या कामाचा.

समोर बघणारा लाइव्ह सोनार, गार्मिनचा लाइव्हस्कोप २०१८ ला आला आणि क्रॅपीची मासेमारी पार बदलून गेली. मासा जिगकडे वळतोय, बघतोय, परत जातोय, सगळं स्क्रीनवर. काही जुने लोक म्हणतात ही मासेमारी नाही, व्हिडिओ गेम आहे. मला दोन्ही बाजू पटतात, पण किंमत बघितली की पहिल्या वर्षी घ्यायची गोष्ट नाही हे नक्की. त्यापेक्षा एक दिवस गाइड घ्या, तो वापरताना बघा, जागाही कळतात.

बोट जागेवर धरणं महत्त्वाचं. जीपीएसवर जागा पकडणारी ट्रोलिंग मोटर (बोटीची छोटी विजेची मोटर) असेल तर झकास. नसेल तर वाऱ्याकडे तोंड करून झाडाच्या फांदीला दोरीनं बांधा, झाड उभं असतं तिथे सोय आहेच. पण दणदण आवाज करत नको.

खोली मोजणं आणि जिग सोडणं

सोनार म्हणतो वरची क्रॅपी २४ वर आहे. जिग २३ वर, फार तर २२ वर पाहिजे. कसा पोचवायचा?

सगळ्यात खात्रीची आपल्या कोळ्यांची पद्धत, वाव. दोन्ही हात पसरले की साधारण ६ फूट. घरीच एकदा टेपनं आपली वाव मोजून घ्या, साडेपाच फूट उंचीच्या माणसाची साडेपाचच्या आसपासच भरते. रॉडचं टोक पाण्याला टेकवायचं, जिग पाण्याच्या पातळीवर, आणि मग दोरी वाव-वाव मोजून खाली सोडायची, चार वावा म्हणजे २२ ते २४ फूट. एकदा ती खोली जमली की पाण्याच्या पातळीवर दोरीला पर्मनंट मार्करनं खूण करून टाका. पुढच्या प्रत्येक वेळी खूण पाण्याला लागली की थांबायचं, मोजत बसायला नको.

दुसरी पद्धत, सेकंद मोजणं. १/१६ चा जिग ६ पाउंडाच्या मोनोवर अंदाजे सेकंदाला एक फूट बुडतो, १/८ चा जास्त वेगानं. ‘अंदाजे’ म्हणतोय कारण दोरीची जाडी, प्लास्टिकचा आकार यानं बदलतं, म्हणून माहीत असलेल्या खोलीवर, समजा १५ फूट पाण्यात, तळाला लागेपर्यंत किती सेकंद लागतात ते आधी मोजून घ्या. जिग लांब फेकून मासे पकडताना हीच पद्धत वापरावी लागते, पण त्यात एक गोम आहे. जिग लांब फेकला आणि रील बंद करून ताणलेल्या दोरीवर बुडू दिला तर तो सरळ खाली जात नाही, झुलत तुमच्याकडे येतो आणि वाटतं त्यापेक्षा वरच राहतो. झाडावर सरळ सोडायचा असेल तर रील उघडी ठेवून बोटानं दोरी सोडत राहायची.

तिसरी, साधा सोनार असेल तर शंकूच्या आतच, ट्रान्सड्यूसरच्या (सोनारच्या लहरी सोडणाऱ्या भागाच्या) शेजारी जिग सोडा. स्क्रीनवर बारीक तिरकी रेघ खाली जाताना दिसते. रेघ राशीच्या फूटभर वर आली की थांबा.

तासाभरानं परत सोनार बघायचा. ऊन आलं, ढग आले, शॅड सरकले की रासही वर-खाली होते. सकाळी ३० वर असलेल्या दुपारी २० वर मिळतात. ‘आता चावतच नाहीत’ असं वाटलं की बहुतेक वेळा मासे तिथेच असतात, तुमची खोली चुकलेली असते.

हलवायचं किती

जवळजवळ अजिबात नाही. गार पाण्यात क्रॅपी जिगकडे येते, एक-दोन इंचांवर थांबून बघते आणि मग ओढून घेते. तुम्ही रॉड वर-खाली करत बसलात तर ती वैतागून जाते. जिग पोचला की हात मांडीवर टेकवून गप्प, दहा-पंधरा सेकंद. बोटीच्या हलण्यानं, तुमच्या हाताच्या थरथरीनं जेवढा हलतो तेवढा पुरे. काही झालं नाही तर रॉडचं टोक अगदी सावकाश फूटभर वर न्या आणि परत थांबा. वर जाताना चावण्याचं प्रमाण चांगलं असतं, कारण तिच्या डोळ्यांसमोरून खाणं निसटायला लागतं. खाली सोडू नका. उन्हाळ्यात पाणी गरम असताना थोडे झटके चालतात, तो वेगळा हिशोब.

चावा आणि वर काढणं

चावा तीन तऱ्हेचा. एक, ‘टक’ असा, टोकाला टिचकी मारल्यासारखा. दोन, दोरी जड वाटते, ओलं पान अडकल्यासारखी. तीन, आणि हा सुटतो सगळ्यांच्या हातून, दोरी अचानक ढिली पडते, टोक सरळ होतं. मासा जिग घेऊन वर आलेला असतो, त्यामुळे वजनच गेलं. ढील दिसली की आधी ती गुंडाळा आणि मग उचला.

उचला म्हणजे उचलाच, हिसका नाही. मनगट ३-४ इंच वर. बासवाले व्हिडिओ बघून आलेला माणूस खांद्यापासून झटका देतो आणि ओठाचा तुकडा घेऊन जिग वर येतो. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरीचा ब्रेक, सैल, हातानं ओढली तर दोरी सहज सुटेल इतका. मग एका लयीत गुंडाळत राहायचं, रॉड खाली-वर पंप करायचा नाही, कारण दरवेळी ढील पडते आणि तोंडातलं भोक मोठं झालेलं असतं. मासा कितीही लहान वाटला तरी पाण्याबाहेर काढताना जाळं लावा.

झाडात अडकला तर लगेच ओढू नका. बोट झाडाच्या बरोबर वर आणा, दोरी ताणा, चिमटीत धरून मागे खेचा आणि एकदम सोडा. जिगचं वजनच हुक मागे पाडतं. चार-पाच वेळा करून नाही सुटला तर दोरी हाताला न गुंडाळता रॉड सरळ धरून ओढायची, हुक वाकून येतो. ब्रेड बोटाला गुंडाळून ओढाल तर बोट कापेल, गंमत नाही.

थंडीचं एक: लाइफ जॅकेट अंगात घालून ठेवा, सीटखाली नको. जानेवारीत फोर्कचं पाणी पन्नास फॅरनहाइटच्या आसपास असतं, त्यात पडलं की हातपाय फार लवकर काम करेनासे होतात, पट्टीच्या पोहणाऱ्याचेही.

पकडल्यावर

कूलरमध्ये बर्फ आणि थोडं पाणी, मासा थेट त्यात. बोटीवर फिले (काटे काढलेले मांसाचे तुकडे) करायला बसू नका, काठाला लागेपर्यंत मासा डोकं-शेपटीसकट अख्खा ठेवावा लागतो, मासेमारीचे नियम तपासणाऱ्या वॉर्डननं तपासलं तर मोजता आणि ओळखता आला पाहिजे. उतरल्यावर मरिनावर साफ करायचं टेबल असतं. कल्ल्यामागे तिरका काप, मग कण्याला लागून शेपटीपर्यंत, शेपटीशी न तोडता उलटा करून कातडं सोलायचं, शेवटी बरगड्यांचे काटे कापून टाकायचे. सुरुवातीला एका माशाला दहा मिनिटं लागतात, इलेक्ट्रिक सुरी घेतली तर खूप कमी.

मांस पांढरं, सौम्य, नीट साफ केलं तर काटा जवळजवळ नाही, लहान मुलांनाही देता येतं. इथले लोक कॉर्नमील लावून भरपूर तेलात तळतात. आपल्याकडे रवा. फक्त गोड्या पाण्यातला मासा, सुरमई-पापलेटसारखी स्वतःची चव कमी, म्हणून मीठ-हळद-कोकमाचं आगळ लावून वीस मिनिटं ठेवायचा आणि मसाला नेहमीपेक्षा जरा तिखट करायचा. फिले पातळ असतात, तवा चांगला तापला की एका बाजूनं दोन-तीन मिनिटं बास, जास्त ठेवलात तर तुटतात.